तलाठी

कुणकेश्वराच्या जत्रेत दहा रुपयाला घेतलं होतं,
भडक गुलाबी रंगात बुडवलेलं पिल्लू.
ही रंगवलेली आठवडाभर जगत नाहीत,
असं मीच म्हणाले होते शलाकाला, खोका उघडायच्या आधी.
रंग गेला. पिल्लू राहिलं.
पुढं तुरा आला आणि चाल आली:
एक पाय वर धरून थांबायचं, मान तिरकी करायची,
जणू कुणाचं कुंपण हातभर सरकलंय
ते याच्या वहीत आधीच आहे.
म्हणून तलाठी.

मग भाड्याचं घर गेलं.
मालकाला पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या.
आम्ही मालवणात बाजाराच्या मागं दुसऱ्या मजल्यावर आलो,
जिथं अंगण म्हणजे
वॉशिंग मशीनच्या पाइपाजवळच्या चार फरश्या.
तिथून पहाटे पावणेचारला
तलाठी अख्ख्या सोसायटीचा सातबारा वाचायचा.
खालचे पेडणेकर बर्फाच्या कारखान्यातून तीनला येतात.
भांडले नाहीत ते. एकदा नुसते जिन्यात उभे राहिले,
लाल डोळे, हातात दुधाची पिशवी.
"वहिनी, माझा काय म्हणणा नाय."
त्यापेक्षा भांडले असते तर बरं.

मी माणसं शोधू लागले.
मासळीवाल्या रेश्मानं विचारलं, "कितको भरतलो?"
रिक्षावाल्या दाजींनी पंखाखाली हात घालून पाहिलं
आणि बोलता बोलता तीनदा "गावठी" म्हणाले.
चुलत नणंद म्हणाली, ठेवते की, आनंदानं,
मग म्हणाली, गटारी कधी आहे गं यंदा?
एकाला राखणेला कोंबडा हवा होता,
तांबडाच, कुठं डाग नको.
तलाठ्याच्या शेपटीतलं एकुलतं काळं पीस
मी त्याला दोनदा दाखवलं.

मी काही माळकरी नाही, हेही सांगते.
रविवारी वडे तळते, सागोती करते.
कोंबडीवाल्याकडे उभी असते तेव्हा
काट्याकडे बघते, पिंजऱ्याकडे नाही.
पण याचं वजन आम्ही कधी केलंच नव्हतं.

देवबागच्या टोकावरून होडीनं पलीकडे, भोगव्याला,
बस्त्याव काजूची बाग राखतो.
होडीवाल्यानं टोपलीचे पैसे घेतले नाहीत.
"नाव काय तेचा?" बस्त्याव ओरडला,
काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग लावून
कान गेलेला माणूस ओरडतो तसा.
शलाकानं एसटीच्या तिकिटामागं लिहून दिलं.
तो वाचून हसला. "मगे माझी मोजणी करतलो हो!"
मी खुणेनं सांगितलं, आरवतो, फार, पहाटे.
त्यानं कानाला बोट लावलं, हात झटकला,
आणि तलाठ्याला काखेत घेतलं.
घाबरून तो तिथेच आरवला, भर दुपारी.
बस्त्यावचा पंजा त्याच्या छातीवर होता.
त्यानं डोळे मिटले.
आवाज थांबल्यावरही पंजा तसाच.
"पुन्ना," तो शलाकाला म्हणाला,
"त्येका पुन्ना करूक सांग."

वजन त्यानं विचारलं नाही.
की विचारायचं राहून गेलं, मला माहीत नाही.
वचनबिचन मी काही घेतलं नाही.
तिकिटावर अजून जागा होती.

परतताना शलाका रिकामी टोपली डोक्यावर उपडी घालून बसली,
पार हनुवटीपर्यंत.
होडीतल्या पर्यटकांना वाटलं, पोर खेळतेय.
एकीनं फोटो काढला.

काल संध्याकाळी पेडणेकर वर आले,
पानात बांधलेले पेडवे घेऊन.
कशाबद्दल, ते बोलले नाहीत.
मी घेतले. साफ केले आज,
उजाडायच्या कितीतरी आधी.
जागीच होते.